"चालू आहे, सर"

"मॅडम, चौदा महिने झाले, हातात काहीच नाही. मला संभाव्यताशास्त्र जमणारच नाही का?"

समुपदेशनाच्या कामात संशोधनाला नव्यानं लागलेल्यांकडून हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय, की पहिल्या भेटीत मी तोंडपाठ उत्तर दिलं: सगळ्यांनाच असं वाटतं. तिनं (मीरा म्हणू, नाव आणि ओळखीचे तपशील बदललेत) मान डोलावली आणि निघून गेली. आली त्याहून जास्त एकटी होऊन गेली, हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या भेटीत आधी झोप, भूक, मनात टोकाचे विचार येतात का, हे विचारून घेतलं. तसं काही असतं तर डॉक्टरांकडे पाठवलं असतं. नव्हतं. मग म्हटलं, "वही दाखव."

पानंच्या पानं तिरकी रेघ मारून खोडलेली. का खोडली, ते कुठेच नाही. एका पानावर बोट ठेवून विचारलं, "इथे काय बिनसलं?" "आठवत नाही." एक युक्ती तर तिनं चार महिन्यांच्या अंतरानं दोनदा करून दोनदा खोडली होती. गाइड दर सोमवारी विचारायचे, "काय नवीन?" ती म्हणायची, "चालू आहे, सर." सर बिचारे तेच खरं धरून चालायचे.

बोलता बोलता तिनं रागानं तिच्या विषयातलं उदाहरण ऐकवलं. अमर्याद पसरलेल्या चौकोनी जाळीतली प्रत्येक दांडी ठरावीक संभाव्यतेनं उघडी ठेवायची. ही संभाव्यता किती झाली की उघड्या दांड्यांवरून जाणारी न संपणारी वाट मिळू लागते? बरोबर निम्मी असताना मिळत नाही, हे हॅरिस यांनी 1960 मध्ये दाखवलं. निम्म्याच्या जराही वर गेलं की मिळते, हे केस्टन यांनी सिद्ध केलं 1980 मध्ये. "मोठ्यांना वीस वर्षं लागली, मॅडम. माझी फेलोशिप संपत आलीय."

मी विचारलं, "मधे कोणी काहीच केलं नाही?" जरा थांबून म्हणाली, "केलं ना. 1978 मध्ये रुसो यांनी, आणि वेगळेपणानं सेमूर-वेल्श यांनी. चौरस ओलांडता येत असेल, तर लांबट आयत ओलांडण्याबद्दल काय म्हणता येतं, ते." एवढं बोलून ती स्वतःच वहीकडे बघत बसली. तिच्या वहीत असा आयत एकही नव्हता. प्रत्येक पान थेट शेवटच्या प्रमेयावर झेप घेत होतं.

तिसऱ्या भेटीला तिच्या संमतीनं सरांना बोलावलं. त्यांना मी एकच विनंती केली होती: स्वतःची जुनी वही आणा. आणली. तिच्यापेक्षा जास्त खोडाखोड! फक्त प्रत्येक रेघेशेजारी बारीक अक्षरात कारण लिहिलेलं.

मग दोघं फळ्यापाशी गेली. मी गणितातली नाही, कळलं तेवढं सांगते. तिला विशिष्ट प्रकारची वाट असतेच, हे दाखवायचं होतं. अशा वाटांच्या संख्येची सरासरी मोठी येत होती, पण तेवढ्यानं भागत नाही; क्वचित कधी वाटांचा ढीग सापडला, तरी सरासरी फुगते. म्हणून त्या संख्येच्या वर्गाची सरासरी आणि सरासरीचा वर्ग यांची तुलना करतात. तिची वर्गाची सरासरी हाताबाहेर जात होती, आणि तिथेच ती दरवेळी रेघ मारायची. सर म्हणाले, "अगदी छोट्या जाळीवर मोजून बघितलंस?" नव्हतं बघितलं. अर्धा तास मोजल्यावर दिसलं, की सगळी फूग मूठभर विचित्र रचनांमुळे येतेय. "त्या मोजायच्याच नाहीत," ती म्हणाली. सर काही बोलले नाहीत, खडू तिच्या हातात दिला. ही छाटणीची युक्ती या क्षेत्रात जुनी आहे असं सरांनी मला नंतर सांगितलं. तिला मात्र ती तिची तिला सापडली.

ठरलं एवढंच: सोमवारी एक पान आणायचं. काय करून पाहिलं, कुठे मोडलं, आणि जिथे मोडतं असं सर्वांत छोटं उदाहरण. आणि सरांनीही महिन्यातून एकदा आपला अडलेला प्रश्न तिच्यासमोर मांडायचा. हे दुसरं कलम सरांना जड गेलं, खरं सांगते.

मूळ प्रश्न अजून सुटलेला नाही. त्याचं एक कमजोर रूप सिद्ध झालंय, त्याचा पेपर ती लिहितेय. सर सवयीनं अजूनही "काय नवीन?" असंच विचारतात. ती उत्तर देत नाही, पान पुढे सरकवते.