वाचकांचे प्रश्न: घरात तीन कुत्रे, मैदानावर एक

एकापेक्षा अधिक कुत्रे सांभाळणाऱ्या आणि त्यांना घेऊन ॲजिलिटीच्या, म्हणजे मालकाच्या इशाऱ्यांवर कुत्र्याने अडथळे पार करत धावण्याच्या, स्पर्धांत उतरणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे साठली होती. त्यांतील सहा पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. जागेअभावी पत्रे थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न: आमच्याकडे तीन कुत्रे आहेत. थोरली आठ वर्षांची, मधला चार वर्षांचा आणि धाकटी दोन वर्षांची. एकाला सरावासाठी मैदानावर नेले की कुंपणापाशी बांधलेले उरलेले दोघे इतके भुंकतात, की त्यांची वेळ येईपर्यंत त्यांच्यात त्राण उरत नाही. जो धावत असतो त्याचेही लक्ष त्यांच्याकडेच असते. तिघांना एकाच वेळी मैदानावर नेणे आम्ही सोडून द्यावे का?

उत्तर: सध्यापुरते सोडावे, कायमचे नव्हे. आपण मैदानावर एका कुत्र्याला धावणे शिकवत असता, त्याच वेळी कुंपणापाशी दोघांना भुंकणे शिकवत असता, आणि खरे सांगायचे तर दुसरे शिक्षण अधिक चांगले चालले आहे. त्या दोघांच्या दृष्टीने हिशेब सरळ आहे: दोर ताणून ओरडत राहिले की काही वेळाने मालक येतो, दोर सोडतो आणि मैदानावर नेतो. त्यातून ॲजिलिटीत दिसणारे बरेच कुत्रे मेंढ्या राखणाऱ्या जातींचे असतात, आणि डोळ्यांसमोर काहीतरी वेगाने पळत असताना स्वस्थ बसून राहणे त्यांच्या स्वभावातच नसते.

म्हणून थांबणे हाही उडी किंवा बोगदा यांसारखा एक अडथळाच समजावा आणि तो तसाच पायरीपायरीने शिकवावा. पहिले काही दिवस थांबणाऱ्यांना मैदान दिसणारच नाही अशी व्यवस्था करावी; त्यांना घरात, चघळण्याजोगे काहीतरी देऊन ठेवले तरी चालेल. हे शिक्षण नव्हे, हे आपण जुन्या सवयीला दिलेले खतपाणी बंद करणे आहे.

खऱ्या शिक्षणाची सुरुवात जेवणाच्या वेळी करावी. तिघांना एकमेकांपासून अंतरावर बसवावे, एकाचे नाव घ्यावे आणि ज्याचे नाव घेतले त्यानेच उठून आपल्या भांड्याकडे जावे. इतर दोघे बसून राहिले तर लगेच त्यांच्या जागेवर जाऊन त्यांच्या तोंडात घास द्यावा. अनेक कुत्रे असलेल्या घरांत मोकळीक देणारा शब्द सर्वांसाठी एकच असतो, आणि तेथेच सगळा घोळ होतो, कारण ‘चला’ म्हटले की तिघेही निघतात. शब्द एकच ठेवला तरी त्याच्या आधी नाव आलेच पाहिजे, आणि नाव न घेता तो शब्द कधीही वापरता कामा नये.

हे जमले की दोनच कुत्रे घेऊन मैदानावर जावे. एक चटईवर बसेल आणि दुसरा काहीही करणार नाही, फक्त आपल्याजवळ उभा राहील. त्यानंतर तो चालेल, मग दुडक्या चालीने पळेल, मग एक बुटकी उडी मारेल, आणि बोगदा अगदी शेवटी येईल, कारण बोगद्यातून सुसाट बाहेर पडणारा कुत्रा पाहून चटईवरच्याचा धीर सुटतो. या सगळ्या काळात खाऊचा मोठा वाटा चटईवरच्याला मिळाला पाहिजे. बहुतेक जण नेमके उलटे करतात. धावणाऱ्याचे कौतुक होते, शांत बसलेल्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही, आणि तो ओरडला की मात्र ‘गप्प बैस’ म्हणून त्याच्याकडे वळून पाहिले जाते. चटईवरचा उठलाच तर रागावू नये. दुसऱ्याचा वेग आपण फार लवकर वाढवला, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा. सुरुवातीला मदतीला दुसरी व्यक्ती असली तर काम निम्म्याने हलके होते.

आणखी दोन गोष्टी. कुत्र्यांचा क्रम रोज बदलावा, आणि जो त्या क्षणी ओरडत असेल त्याला सोडवायला जाऊ नये. आवाज थांबून चार श्वास गेले की मग जावे. दुसरे म्हणजे प्रत्येकाचा सराव पाच ते सात मिनिटांत आटोपावा. माझ्या दुसऱ्या कुत्र्याच्या बाबतीत मी हे सगळे फार उशिरा केले. त्याच्या किंकाळ्या अशा असत, की सरावाच्या जागी आमच्या शेजारी कोणी आपले सामान ठेवत नसे.

प्रश्न: माझा कुत्रा घरी बारा खांबांचे वीव्ह पोल्स, म्हणजे ज्यांच्यामधून नागमोडी जायचे ती खांबांची रांग, एकदाही न चुकता पार करतो. स्पर्धेत मात्र पहिल्याच खांबाशी चुकतो, मग मी घाबरते, आणि पुढची फेरी हातची जाते. हा घबराटीचा परिणाम असावा का?

उत्तर: घबराट असेलही, पण मला आधी आपल्या घरच्या खांबांविषयी शंका आहे. ते नेहमी एकाच जागी, एकाच दिशेने रोवलेले असतात का? त्यांच्या आधी काही अडथळा असतो, की कुत्रा उभ्या जागेवरून सरळ आत शिरतो? आणि आपण नेहमी त्याच्या एकाच बाजूला असता का? या प्रश्नांची उत्तरे ‘हो, सरळ, हो’ अशी असतील, तर आपल्या कुत्र्याला वीव्ह पोल्स येत नाहीत. त्याला आपल्या अंगणातला एक ठराविक रस्ता येतो.

नियम सोपा आहे. पहिला खांब कुत्र्याच्या डाव्या खांद्याशी येईल असे त्याने पहिल्या आणि दुसऱ्या खांबांच्या मधून शिरायचे. फेडरेशन सिनॉलॉजिक इंटरनॅशनल, म्हणजे एफसीआय, या संघटनेच्या नियमांनुसार खांबांतील अंतर ६० सेंटिमीटर असते. चुकीचा प्रवेश हा नकार धरला जातो, प्रत्येक नकाराचे पाच दोष लागतात आणि तिसऱ्या नकाराला जोडी बाद होते. स्पर्धेत कुत्रा खांबांपाशी एखाद्या उडीवरून किंवा बोगद्यातून पूर्ण वेगात आणि बहुतेक वेळा तिरका येतो. त्या वेगात त्याला पावले आखडून पहिली फट स्वतः शोधायची असते, आणि घरी त्याने नेमके हेच कधी केलेले नसते.

पहिला खांब घड्याळाच्या मध्यभागी आहे आणि खांबांची रांग बाराच्या दिशेने जाते आहे, अशी कल्पना करावी. कुत्र्याला सहाच्या बाजूने सोडून सुरुवात करावी, मग पाच आणि सात, चार आणि आठ, असे करत तीन आणि नऊपर्यंत जावे. या सरावाला बारा खांबांची गरज नाही, सहा पुरतात, कारण शिकायचे आहे ते प्रवेशाचे. कोनांपैकी एका बाजूने प्रवेश सहज होईल आणि दुसऱ्या बाजूने कुत्र्याला पहिल्या खांबाला जवळजवळ वळसा घालावा लागेल. त्या अवघड बाजूला अधिक दिवस द्यावेत. कोन पक्के झाले की आधी एक उडी ठेवावी, नंतर बोगदा. शेवटी आपली जागा बदलावी: कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी मागे, कधी चार पावले दूर. चूक झाली तर हाताने किंवा शरीराने त्याला खांबांत ढकलू नये. मुकाट्याने परत बोलावून कोन थोडा सोपा करावा. हाताने दुरुस्त केलेला कुत्रा फट शोधत नाही, हाताची वाट पाहतो, आणि स्पर्धेत कुत्र्याला हात लावण्याची मुभा नसते.

खांब आठवड्यातून एकदा तरी उपटून दुसरीकडे लावावेत. हा कंटाळवाणा सल्ला आहे याची मला जाणीव आहे.

प्रश्न: एकाच स्पर्धेत माझे दोन कुत्रे उतरतात. एक वाऱ्यासारखा धावतो, दुसरी विचार करत करत जाते. मैदानावरील अडथळ्यांची आखणी पाहण्यासाठी मिळणाऱ्या वेळात मी एकच योजना ठरवतो आणि ती दोघांपैकी एकाच्या बाबतीत हमखास फसते.

उत्तर: योजना दोन हव्यात, अडथळ्यांच्या आज्ञा मात्र दोघांसाठी त्याच असाव्यात, नाहीतर ऐन वेळी आपलीच जीभ अडखळते. स्पर्धकांना कुत्र्याशिवाय मैदानावर फिरण्यासाठी जेमतेम काही मिनिटे मिळतात. ती अडथळ्यांचा क्रम पाठ करण्यात घालवू नयेत; क्रम बाहेरून पाहून आधीच मनात बसवावा. आत गेल्यावर पहिली चक्कर वेगवान कुत्र्याची मारावी आणि प्रत्येक वळणाशी एकच प्रश्न विचारावा: तो येथे पोहोचेल तेव्हा मी कोठे असेन? जेथे आपण त्याच्या पुढे राहू शकत नाही, तेथे त्याच्या समोरून बाजू बदलण्याचा हट्ट सोडून तो उडी घेत असताना मागून बाजू बदलावी. दुसऱ्या चकरीत तीच ठिकाणे कुत्रीसाठी पाहावीत. तेथे आपण तिच्या आधी पोहोचाल, त्यामुळे समोरून बाजू बदलायला भरपूर वेळ असेल, पण आपण थांबून तिची वाट पाहिलीत तर तीही थांबेल. संथ कुत्र्याच्या बाबतीत आपण सतत पुढे सरकत राहणे, हीच अर्धी योजना असते.

ती पूर्वीपासूनच संथ आहे की अलीकडे झाली आहे, हे आपण लिहिलेले नाही. अलीकडे झाली असेल तर योजना बाजूला ठेवून आधी पशुवैद्यांकडून तिचे खांदे, पाठ आणि मागचे पाय तपासून घ्यावेत.

प्रश्न: आमचा एक कुत्रा मिश्र जातीचा, आखूड पायांचा आहे. ॲजिलिटी ही बॉर्डर कॉली या मेंढ्या राखणाऱ्या जातीच्या कुत्र्यांची मक्तेदारी आहे का?

उत्तर: निकालपत्रे पाहिली तर तसे वाटेल खरे. पण हा खेळ जन्माला आला तोच करमणूक म्हणून. १९७८ साली लंडनमधील क्रफ्ट्स या श्वानप्रदर्शनात मधला रिकामा वेळ भरून काढण्यासाठी जॉन व्हार्ली आणि पीटर मीनवेल यांनी घोड्यांच्या शो जम्पिंगवरून त्याचा पहिला प्रयोग घडवून आणला. आज कुत्रे उंचीच्या गटांत विभागलेले असतात. एफसीआयच्या नियमांत खांद्याशी ३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीचा कुत्रा स्मॉल गटात येतो आणि त्याच्या उड्या २५ ते ३० सेंटिमीटरच्या असतात, म्हणजे आपल्या कुत्र्याची गाठ मोठ्या कॉलीशी पडत नाही. एफसीआयच्या जागतिक स्पर्धेत वंशावळीचा दाखला लागतो. वर्ल्ड ॲजिलिटी ओपन या दुसऱ्या स्पर्धेत तो लागत नाही. फक्त पाठ लांब आणि पाय आखूड असतील, तर उड्यांबाबत पशुवैद्यांना आधी विचारावे.

प्रश्न: पिल्लू आठ महिन्यांचे आहे. मोठ्या दोघांचे पाहून तेही उड्या मारू पाहते. त्याला सरावात घ्यावे का?

उत्तर: सरावात घ्यावे, उड्यांत नको. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या चकत्या मऊ असतात. त्या मिटण्यास अनेक कुत्र्यांत वर्षभराहून अधिक काळ लागतो आणि थोराड जातींत तर दीड वर्षही लागू शकते. एफसीआयच्या स्पर्धांत १८ महिन्यांच्या आतील कुत्र्याला प्रवेशच नाही. तोवर जमिनीवर ठेवलेल्या दांड्या ओलांडणे, सरळ आणि आखूड बोगदा, हलत्या फळीवर चार पाय ठेवणे, आपल्या दोन्ही बाजूंनी चालणे, नाव घेताच वळणे आणि अर्थातच चटईवर बसणे, एवढा अभ्यास पुरेसा आहे.

आपल्या घरात धोका सरावाहून अधिक दुसरीकडे आहे. प्रौढ कुत्र्यांबरोबरची धांदल, सोफ्यावरून उड्या, गुळगुळीत फरशीवरची पळापळ आणि अचानक मारलेली वळणे यांनी पिल्लाच्या सांध्यांवर पडणारा ताण बुटक्या उडीपेक्षा कमी नसतो. दिवसातील काही तास त्याला मोठ्यांपासून वेगळे ठेवावे. त्याचा दुसराही लाभ आहे: सतत मोठ्यांच्या संगतीत वाढलेले पिल्लू त्यांच्याकडे पाहून वागायला शिकते, आपल्याकडे पाहून नव्हे, आणि पुढे मैदानावर एकटे उभे राहण्याची वेळ आली की बावरते.

प्रश्न: आमची कुत्री अकरा वर्षांची आहे. गेल्या वर्षी तिच्या स्पर्धा थांबवल्या. आता धाकट्यांना घेऊन निघालो की ती दारात उभी राहून रडते. आमचा निर्णय चुकला का?

उत्तर: निर्णय चुकलेला नाही. मोठ्या गटातील ५५ ते ६० सेंटिमीटरच्या उड्या आणि माथा १.७० मीटर उंच असलेली ए-फ्रेम, म्हणजे चढून उतरायची दोन उतरत्या फळ्यांची चढण, या वयात तिच्याकडून करून घेणे योग्य नव्हते. वाकड्या वळणाने उडीकडे येणे, पूर्वी न पडणारी दांडी पडणे, ए-फ्रेम उतरताना कचरणे, अशी चिन्हे दिसू लागूनही कित्येक मालक आणखी एक मोसम ओढतात. तिचे रडणे हे उड्यांसाठी असेल असे मला वाटत नाही. गेली अनेक वर्षे पिशवी भरली की ती निघत असे. आता पिशवी भरते आणि ती घरी राहते. हिरावली गेली आहे ती सोबत.

तेव्हा तिलाही न्यावे. पशुवैद्यांची हरकत नसेल तर सरावाच्या दिवशी जमिनीलगतच्या दांड्या आणि एक सरळ बोगदा तिच्यासाठी राखून ठेवावा. स्पर्धेच्या दिवशी धाकट्यांना धावण्याआधी अंग मोकळे करण्यासाठी फिरवाल, तेव्हा तिलाही सोबत फिरवावे आणि नंतर तिची गादी सावलीत, गर्दीपासून दूर मांडावी. घरीच ठेवणे भाग पडले, तर निघण्याची तयारी तिच्यासमोर करू नये आणि त्या दिवशी तिला एकटीला वेगळ्या वेळी बाहेर न्यावे. माझी थोरली तेरा वर्षांची आहे. सरावाच्या जागी पोहोचताच आधी ती एकटी बोगद्यातून जाते, सावकाश, मध्येच थांबून वास घेत. तोवर उरलेले तिघे आपापल्या चटईवर बसलेले असतात, आणि ती बाहेर येऊन आपला खाऊ घेईपर्यंत कोणाचेही नाव घेतले जात नाही.