चोवीसच्या जागी सत्तावीस

प्रश्न: आम्ही मूळचे चिपळूणचे, आता मुंब्र्यात. मुलगी फोर्टला सीएची आर्टिकलशिप, म्हणजे दोन वर्षांचं प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण करते. ‘आपल्याला चूक परवडत नाही, एक चुकला की सगळ्या मुसलमानांवर येतं,’ हे मीच तिला शिकवलं. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत एक मेमो नाही. तिने १४ महिन्यांत एक रजा घेतलेली नाही. मध्यंतरी एका बिलात चूक झाली, ती तिने दोन दिवस लपवली. आता झोपत नाही, सीए सोडते म्हणते.

उत्तर: नमस्कार. तुमची भीती खोटी आहे, असं मी म्हणणार नाही. जोश्यांचा मुलगा चुकला तर तो एकटाच चुकतो. आणि चिपळूणच्या मुलीला ऑफिसात ‘तुझं मराठी किती छान गं!’ म्हणतात, त्यातलं तिला कळतंच.

पण ती चूक बघा. वापीच्या पार्टीचा जीएसटी नंबर २४ ने सुरू होतो, तिने २७ टाकला. गुजरातचं बिल महाराष्ट्राचं झालं, दोन राज्यांमधल्या व्यवहाराच्या आयजीएसटीऐवजी राज्यातल्या राज्यात लागणारा सीजीएसटी-एसजीएसटी लागला. असं कुठल्या आर्टिकलकडून होत नाही? सीनियरला तेव्हाच सांगितलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. लपवल्यामुळे ते रिटर्न भरायच्या आदल्या रात्रीपर्यंत गेलं.

आपल्यावरून सगळ्या समाजाला जोखतील, या दडपणावरचे प्रयोग अमेरिकेत क्लॉड स्टील आणि जोशुआ अॅरन्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केले. ‘ही कुवतीची परीक्षा’ म्हटलं की स्टॅनफर्डमधल्या कृष्णवर्णीय मुलांचे गुण घसरत. तोच पेपर ‘सहज सोडवून बघा’ म्हणून दिला की एवढे घसरत नसत. तुमची मुलगी रोज सकाळी कुवतीचा पेपर द्यायला लोकलमध्ये चढते.

सीए सोडायचं आत्ता ठरवू नका. आर्टिकलशिपच्या दोन वर्षांतले दहाच महिने उरलेत. चूक दिसली की त्याच दिवशी सीनियरला सांगायची. येत्या बासी ईदला, म्हणजे ईदच्या दुसऱ्या दिवशी, रजा टाकायची, अर्जात ‘घरगुती काम’ नको, ईदच लिहायचं. धर्मावरून कुणी बोललंच तर तारखेसकट टिपून प्रिन्सिपलकडे, म्हणजे ज्यांच्या हाताखाली ती शिकते त्या सीएंकडे जायचं. तिथे आणखी गुणी वागून काही होत नाही. झोप येईना तर डॉक्टरकडे न्या, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा.

आणि एक काम तुमचं. मेमो नसेल मिळाला, पण तीस वर्षांत कधीतरी चुकला असालच. ती गोष्ट आज जेवताना तिला सांगा.