'द डार्क नाइट राइजेस' हा बॅटमॅनचा सिनेमा येण्याआधी चाहते एवढे उतावीळ का झाले होते?

मुख्य कारण त्याच्या आधीचा भाग, २००८चा 'द डार्क नाइट'. त्यात हीथ लेजरनं रंगवलेला खलनायक जोकर पाहिल्यावर आता याच्यावर काय दाखवणार, असं झालं होतं. आणि लेजर तर 'द डार्क नाइट'च्या प्रदर्शनाआधीच वारलेला. शिवाय 'राइजेस' हा दिग्दर्शक क्रिस्टोफर नोलनचा शेवटचा बॅटमॅन, म्हणजे गोष्ट खरोखर संपणार. माझ्या मते खरी ओढ तीच. खलनायक बेन आहे कळल्यावर कॉमिक्सवाल्यांचा जीव टांगणीला लागला, कारण १९९३च्या कथेत तो बॅटमॅनचा कणाच मोडतो. मग ब्रूस वेन, म्हणजे खुद्द बॅटमॅन, मरणार की काय? डिसेंबर २०११मध्ये काही आयमॅक्स (महाकाय पडद्याच्या) थिएटरांत सुरुवातीची सहाएक मिनिटं दाखवली, तर लोक विमानाचं जबरदस्त दृश्य सोडून बेन मुखवट्याआडून काय बोलतोय यावरच भांडत बसले!