घरचे पाठवत नाहीत, पण मला डोंगरात जायचे आहे

प्रश्न : ताई, मी 22 वर्षांची आहे. कऱ्हाडला आई-बाबा आणि धाकट्या भावासोबत राहते. बी.एस्सी. झाल्यानंतर गेल्या वर्षापासून एका खासगी प्रयोगशाळेत नोकरी करते. कॉलेजात असताना राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरातून आम्हाला वसंतगडावर नेले होते आणि तेव्हापासून डोंगराची जी ओढ लागली आहे ती कमी होत नाही. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा 28 दिवसांचा प्राथमिक अभ्यासक्रम करावा, अशी माझी फार इच्छा आहे आणि त्यासाठी पगारातून पैसेही बाजूला ठेवले आहेत. बाबांचे किराणा मालाचे दुकान आहे. विषय काढला की ते म्हणतात, “लग्न झालं की नवऱ्याबरोबर जा कुठं जायचं तिकडं.” भाऊ 19 वर्षांचा आहे, तो मित्रांबरोबर मोटारसायकलवरून गोव्याला जाऊन आला, त्याला कुणी अडवले नाही. मागच्या वर्षी मी विद्यानगरला मैत्रिणीकडे मुक्कामाला जाते असे सांगून राजगडला गेले. मैत्रिणीने टाकलेल्या फोटोमुळे घरी कळले. तेव्हापासून बाबा माझ्याशी कामापुरतेच बोलतात. आता कुणालाही न सांगता अर्ज भरावा आणि सरळ निघून जावे, असे मनात येते. मी काय करू?

उत्तर : तुझे पत्र मी दोनदा वाचले. तुझी इच्छा मला पूर्णपणे योग्य वाटते आणि ती तू सोडून द्यावीस असे मी मुळीच सांगणार नाही. तरीही न सांगता निघून जाण्याचा विचार मात्र मनातून काढून टाक. आई-वडिलांची आज्ञा मोडू नये म्हणून मी हे सांगत नाही. तू सज्ञान आहेस, कमावती आहेस, आणि कायद्याने तुला कुणी अडवू शकत नाही. माझे कारण डोंगराशी संबंधित आहे.

सह्याद्रीत एखादा ट्रेकर हरवला किंवा जखमी झाला, तर लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे स्वयंसेवक हातातले काम टाकून धावून जातात. पण त्यांचा शोध सुरू होतो तो घरच्यांनी दिलेल्या माहितीवरून : कोणता गड, कोणती वाट, बरोबर कितीजण, निघाले कधी आणि परतायचे होते कधी. आता त्या दिवशी राजगडाच्या संजीवनी माचीवर तुझा पाय मुरगळला असता आणि मोबाइलला रेंज नसती, तर काय झाले असते, याचा शांतपणे विचार कर. तुझे बाबा विद्यानगरच्या गल्ल्यांतून तुला शोधत फिरले असते. खोटे बोलल्याने त्यांचे मन दुखावले हे खरेच आहे, पण त्याहून मोठी गोष्ट ही की त्या रात्री तू नेमकी कुठे आहेस हे घरातल्या एकाही माणसाला ठाऊक नव्हते. प्रस्तरारोहणात वर चढणाऱ्याचा दोर खाली उभा असलेला साथीदार धरून असतो, त्याला गिर्यारोहक ‘बिले (इंग्रजीत belay) देणे’ म्हणतात. घरी बसलेला आणि तुझी वाट माहीत असलेला माणूस हेच काम करत असतो. राजगडावर तू या दोराविना होतीस.

माझी मुलगी कॉलेजात असताना पहिल्यांदा हरिश्चंद्रगडावर गेली, तेव्हा फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली वहीचा एक कागद लावून गेली होती. त्यावर लिहिले होते : जाताना खिरेश्वर, टोलार खिंडीतून वर, मुक्काम मंदिराजवळच्या गुहेत, उतरणार पाचनईला, तिथून राजूर. गडावर रेंज नसते, म्हणून शनिवारी फोन येणार नाही. रविवारी संध्याकाळी सातपर्यंत नाही आला तर काळजी करू नका, रात्री दहापर्यंत नाही आला तर या दोन नंबरांवर फोन करा. त्यातला एक नंबर गटप्रमुखाच्या घरचा होता आणि दुसरा पाचनईत ज्यांच्याकडे जेवायचे ठरले होते त्यांचा. माझे यजमान तसे धीराचे, पण शनिवारी रात्री पाणी प्यायच्या निमित्ताने उठून त्यांनी तो कागद तीनदा वाचला. रविवारी पावणेआठला राजूरच्या स्टँडवरून फोन आला. भीती त्या रात्रीही होतीच, पण तिला धरायला काहीतरी होते. तुझ्या बाबांच्या हाती तू आजवर असे काहीही दिलेले नाहीस.

आता त्यांच्या त्या वाक्याकडे वळू. “लग्न झालं की जा” या एका वाक्यात मला तीन वेगवेगळ्या काळज्या दिसतात आणि त्या एकत्र गुंडाळल्या गेल्यामुळे तुमचे बोलणे दर वेळी तिथेच अडते. पहिली काळजी जिवाची. दुसरी सोबतीची, रात्रीचा मुक्काम कुणाबरोबर आणि ती माणसे कशी. तिसरी काळजी दुकानात बसल्या जागी गिऱ्हाइकांकडून जे कानांवर येईल त्याची. यातली नेमकी कोणती त्यांना अधिक छळते, हे तू त्यांना कधी विचारले आहेस का? बहुधा नसावे, कारण अशा वेळी आपण परवानगीच मागत राहतो आणि नकार आला की खोलीचे दार लावून घेतो. दुपारी दुकानात गर्दी नसते तेव्हा त्यांच्याजवळ जाऊन बस. आधी राजगडाबद्दल क्षमा माग, त्या क्षमेला “पण” जोडू नकोस, आणि मग त्यांना नेमकी कशाची भीती वाटते ते विचारून पूर्ण ऐकून घे. त्या दिवशी परवानगीचा विषय काढू नकोस.

जिवाच्या काळजीबाबत त्यांच्यापासून काहीही लपवू नकोस. 4 ऑक्टोबर 2022 रोजी याच उत्तरकाशीच्या संस्थेची प्रगत अभ्यासक्रमाची तुकडी ‘द्रौपदी का दांडा-2’ या शिखरावर हिमस्खलनात सापडली आणि प्रशिक्षणार्थी व प्रशिक्षक मिळून 29 जणांना आपण गमावले. बाबांनी ही बातमी वाचलेली असेल किंवा उद्या कुणीतरी त्यांना दाखवील, म्हणून ती त्यांनी तुझ्या तोंडून ऐकणे बरे. त्याबरोबरच त्यांना हेही सांग की ही संस्था 1965 पासून गिर्यारोहक घडवते आहे आणि 23 मे 1984 रोजी एव्हरेस्टवर पोहोचलेल्या पहिल्या भारतीय महिला बचेंद्री पाल त्याच जिल्ह्यातल्या आणि याच संस्थेत शिकलेल्या. प्राथमिक अभ्यासक्रमात आधी कातळावर सराव होतो, मग पाठीवर सॅक घेऊन टप्प्याटप्प्याने उंचीची सवय केली जाते आणि शेवटी हिमनदीवर बर्फातले तंत्र शिकवतात. धोका शून्यावर येतो असे त्यांना सांगू नकोस, तो ओळखायचा कसा हे तिथे शिकवतात एवढेच सांग. आपल्याच साताऱ्याच्या प्रियांका मोहिते हिने 2021 मध्ये अन्नपूर्णा शिखर सर केले, हे तुला ठाऊक असेल. पण घरच्या चर्चेत तिचे नाव पुढे करू नये असे मला वाटते, कारण दुसऱ्याच्या मुलीचे उदाहरण वडिलांना टोमण्यासारखे लागते.

उत्तरकाशीच्या आधी जवळचे डोंगर आहेत. तुमच्या कऱ्हाडजवळच्या सदाशिवगडावर सकाळी चालायला जाणारी कितीतरी माणसे आहेत. तूही रोज जा आणि महिनाभराने पाठीवर वजन घेऊन जाऊ लाग. त्यासाठी बाबांच्याच दुकानातली साखर घे, आधी पाच किलो, मग दहा, आणि ती त्यांनाच काट्यावर तोलून सॅकमध्ये भरून द्यायला सांग. पहाटे साडेपाचला निघून घाम पुसत परतणारी मुलगी तीन महिने रोज दिसली, की हे खूळ नसून तयारी आहे हे त्यांना कुणी वेगळे पटवून द्यावे लागणार नाही. रविवारी त्यांनाही बरोबर घे. गुडघे दुखत असतील तर अर्ध्या वाटेपर्यंत तरी.

दुसरा टप्पा म्हणून मी वासोटा सुचवीन, आणि तो मुद्दाम सुचवते. बामणोलीहून होडीने शिवसागर जलाशय ओलांडायचा, वनखात्याची परवानगी घ्यायची, कोयना अभयारण्याच्या दाट रानातून गडावर जायचे आणि त्याच दिवशी परत होडीत बसायचे. गडावर मुक्काम करू देत नाहीत आणि पावसाळ्यात वाट बंद असते. ज्या घरात रात्रीच्या मुक्कामावरून वाद होतो, त्या घरासाठी यासारखा दुसरा गड नाही. एखाद्या नोंदणीकृत संस्थेबरोबर जा. राज्य शासनाने साहसी पर्यटनासाठी 2021 मध्ये धोरण आणले असून त्यानुसार आयोजकांनी नोंदणी करणे अपेक्षित आहे, तेव्हा पैसे भरण्यापूर्वी तू आणि बाबांनी मिळून आयोजकांना भेटावे : नोंदणी आहे का, गटात किती माणसे आणि त्यांच्यामागे लीडर किती, त्यांत महिला लीडर आहे का, प्रथमोपचाराचे शिक्षण कुणाचे झाले आहे. जो आयोजक या प्रश्नांनी वैतागतो, त्याच्याबरोबर तू जाऊ नयेस. बाबा हे प्रश्न तुझ्यापेक्षा चांगले विचारतील. उभा जन्म त्यांनी माल पारखण्यात घालवला आहे.

सोबतीच्या काळजीचा बराचसा भाग या भेटीतच निवळेल. मुलींच्या स्वतंत्र तुकड्या कधी असतात याचीही उत्तरकाशीच्या संस्थेकडे चौकशी कर. लोकांच्या बोलण्याची काळजी मात्र माहितीने जात नाही. तिथे आईची मदत लागेल. तुझ्या पत्रात आईचे मत कुठेच नाही, याची मला चुटपुट लागली. तिला स्वतंत्रपणे विचार.

भावाला एक न्याय आणि तुला दुसरा, हा अन्याय आहे आणि तुला त्याचा राग येणे रास्त आहे. पुणे-बंगळूर महामार्गावर मोटारसायकलवरून जाणे किती निर्धोक असते, हे कऱ्हाडकरांना मी सांगायला नको. हे आई-बाबांना जरूर सांग, पण वेगळ्या दिवशी. परवानगीच्या बोलण्यात भावाचा विषय आला की घरात त्याचाच खटला सुरू होतो आणि तुझी गोष्ट बाजूला पडते.

हे पान तुझ्या बाबांच्या हाती पडले तर त्यांच्यासाठीही दोन शब्द. दादा, तुमची भीती मला समजते, मी त्या कागदासमोर जागून काढलेली रात्र विसरलेले नाही. पण तुमची मुलगी गेल्या वर्षी गेलीच होती. आता ती तुम्हाला सांगून जाणार की न सांगता, एवढेच ठरायचे उरले आहे, आणि ते बरेचसे तुमच्या बोलण्यावर अवलंबून आहे.

वर्षभर हे सगळे करूनही नकारच आला तर? तर तू जा, असेच मी म्हणेन; मात्र तारीख, पत्ता आणि संस्थेचा फोन नंबर सांगून, दिवसाउजेडी आणि सर्वांसमोर घरातून नीघ. या अभ्यासक्रमाच्या तुकड्या पावसाळ्याआधी आणि नंतर असतात, जागा काही महिने आधीच भरतात, आणि अर्जासोबत डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला लागतो, हे लक्षात घेऊन दिवस मोज. अर्ज घरी बसून भर. तातडीच्या संपर्काच्या रकान्यात नंबर बाबांचाच घाल, आणि तो घालताना ते शेजारी बसलेले असू देत.