इलेक्ट्रिक गाडीचं डेंटिंग-पेंटिंग : बॅटरी कधी आड येते?

तुम्ही विचारलंय : इलेक्ट्रिक गाडी खांबाला घासून मागच्या दाराला पोचा आलाय, त्याखालचा सिल (दाराखालचा उंबरठा) दबलाय आणि पुढचा बंपर कोपऱ्यात तडकलाय. नेहमीचा डेंटर म्हणतो दोन दिवसांत देतो, सर्व्हिस सेंटर म्हणतं बॅटरी उतरवावी लागेल. दोघंही खोटं बोलत नाहीत. डेंटर दाराबद्दल बोलतोय आणि सेंटर सिलबद्दल. त्यामुळे तिन्ही कामं सुटी करून बघा.

दाराचं काम कुठल्याही गाडीसारखंच. आत काचेची मोटर, लॉक, स्पीकर, एवढंच, आणि सगळं 12 व्होल्टवर चालणारं. रंग फुटला नसेल तर पीडीआर, म्हणजे रंग न लावता पोचा काढणं, करून घ्या. आतून सळई घालून पत्रा हळूहळू उचलतात, पुटी-रंगाची भानगड नाही. आधी फक्त लोहचुंबक लावून बघा. चिकटला नाही तर पत्रा बहुधा ॲल्युमिनियमचा आहे, आणि मग ॲल्युमिनियमवर हात बसलेला माणूसच हवा. हा धातू पोलादासारखा मूळ आकाराकडे परत यायला बघत नाही, जास्त ओढला की चिरतो. त्यात पोलादावर वापरलेली घासणी तशीच यावर चालवली तर लोखंडाचे कण रुतून बसतात आणि काही दिवसांनी रंगाखाली फोड येतात. हत्यारं वेगळी ठेवता का, हे विचारायला लाजू नका.

रंगाच्या भट्टीची भीती अनेकांना वाटते. बूथमध्ये पत्रा साधारण 60 अंश सेल्सियसपर्यंत तापवतात. बॅटरी त्यात किती वेळ राहिलेली चालेल, याची मर्यादा गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या बॉडी रिपेअर मॅन्युअलमध्ये असते आणि ती मॉडेलप्रमाणे बदलते. पण एकाच दारासाठी एवढा विचार कशाला? दार उतरवून रंगवा, नाहीतर इन्फ्रारेड दिव्याखाली तेवढाच भाग सुकवा.

खरी गोम सिलमध्ये आहे. दार उघडल्यावर पायाखाली येणारा हा उंबरठा इलेक्ट्रिक गाडीत बॅटरीची बाजूची भिंत असतो. बॅटरीचा पॅक दोन सिलच्या मधे, जमिनीखाली बोल्टने टांगलेला असतो, आणि बाजूने धडक बसली तर ती आधी सिलने झेलायची असते. म्हणून आत अतिमजबूत पोलाद किंवा ॲल्युमिनियमचे पोकळ खण घातलेले असतात. हे पोलाद गॅसने तापवून सरळ करायचं नसतं, उष्णतेने त्याची ताकद जाते आणि वरून काही कळत नाही. वरचा पत्रा पुटी मारून आरशासारखा करता येतो. आतला खण चेपला असेल तर पुढच्या धडकेत तो पॅक वाचवणार नाही.

तेव्हा पहिलं काम म्हणजे गाडी लिफ्टवर. पॅकची कड, बोल्ट, पॅकची फट बुजवणाऱ्या सीलची रेघ, बॅटरी थंड ठेवणाऱ्या कूलंटचा ओघळ, हे डोळ्यांनी बघायचं. दोन्ही बाजूंना सिल आणि पॅकमधलं अंतर मोजून ताडून बघायचं. मग इन्सुलेशन रेझिस्टन्सचा, म्हणजे बॅटरीची वीज गाडीच्या पत्र्यात गळू न देणाऱ्या अडथळ्याचा, आकडा मागायचा. डीसी सर्किटसाठी यूएन आर100 या इलेक्ट्रिक गाड्यांच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय नियमात किमान 100 ओहम प्रति व्होल्ट धरलेत, म्हणजे 400 व्होल्टच्या पॅकला 40 किलो-ओहम. धडधाकट गाडीत तो मेगा-ओहममध्ये येतो. फक्त वरची कातडी दबली असेल आणि हे सगळं ठीक असेल, तर बॅटरी उतरवायचं कारण मला दिसत नाही. आतला भाग कापायचा किंवा वेल्ड करायचा असेल, तर मात्र उतरवू द्या, तिथे घासाघीस नको.

आणि लिफ्टचे टेकू ठरलेल्या जागीच लागले पाहिजेत. घाईत ट्रॉली जॅक पॅकच्या तळाला लावणारे महाभाग आहेत. खांबाने जे केलं नाही ते जॅक करतो.

‘12 व्होल्टची वायर काढली की झालं’ म्हणणाऱ्याकडे सिलचं काम देऊ नका. त्याने काँटॅक्टर (पॅक आणि गाडी जोडणारे मोठे स्विच) सुटतात, पॅकच्या आतलं व्होल्टेज जागच्या जागी राहतं, आणि इन्व्हर्टरमधल्या (मोटरला वीज देणाऱ्या खोक्यातल्या) वीज साठवणाऱ्या कपॅसिटरना रिकामं व्हायला काही मिनिटं लागतात. रीतसर पद्धत अशी : सर्व्हिस डिस्कनेक्ट (मोठं व्होल्टेज तोडणारा प्लग) काढायचा, थांबायचं, इन्सुलेटेड हातमोजे घालून मीटरने शून्य आल्याची खात्री करायची, मगच पुढे. नारिंगी, म्हणजे मोठ्या व्होल्टेजची, केबल दिसली की बोट लावायचं नाही, हे पोऱ्यालाही माहीत असलं पाहिजे.

बंपर स्वस्तातलं काम वाटतं, पण त्यामागे पुढच्या गाडीचं अंतर मोजणारं रडार असेल तर तडा भरून घेऊ नका, नवा लावा. रडारसमोर पुटीचा किंवा धातूच्या कणांच्या रंगाचा जाड थर आला की सिग्नल बिघडतो. रडारचा ब्रॅकेट एक अंश जरी वाकला तरी 100 मीटरवर नेम पावणेदोन मीटर सरकतो, म्हणजे शेजारच्या लेनमधली गाडी आपल्या पुढे आहे असं गाडीला वाटू शकतं. कॅलिब्रेशनचा, म्हणजे रडारचा नेम पुन्हा जुळवल्याचा, रिपोर्ट घ्याच. कमी वेगात पादचाऱ्यांसाठी आवाज करणारा स्पीकरही बऱ्याचदा इथेच असतो, तो वाजतोय का ते बघून गाडी ताब्यात घ्या.

एक गोष्ट गॅरेजवाले हमखास विसरतात. धक्क्यात एसीचा कंडेन्सर फुटला असेल आणि गॅस भरायची वेळ आली, तर कॉम्प्रेसरचं तेल विचारा. या गाड्यांचा कॉम्प्रेसर मोठ्या व्होल्टेजवर चालतो, त्याला सहसा वीज न वाहणारं पीओई तेल लागतं. पेट्रोल गाड्यांच्या मशीनमधलं पीएजी तेल मिसळलं की इन्सुलेशन घसरतं आणि गाडी चालू व्हायला नकार देते. मग लोक बॅटरी उघडून बसतात, दुखणं असतं एसीत.

विम्यात करत असाल तर सर्व्हेअर येण्याआधी काही उघडू देऊ नका, आणि कामाआधी व कामानंतर दोन्ही वेळचा स्कॅन रिपोर्ट (गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या बिघाडांची यादी) मागून ठेवा. लिफ्टवरचे फोटो मिळाले की इथे टाका. सिलची आतली कड आणि पॅकचे बोल्ट त्यात स्पष्ट दिसले पाहिजेत, नुसत्या दाराच्या फोटोवरून काही सांगता येणार नाही.