रिकामी बॅग किती ग्रॅमची?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी तुमच्या मुलीच्या वयाची असेन, तेव्हा उत्तर देताना अगं-तूगंच करा. घर कळव्याला, नोकरी ऐरोलीच्या आयटी पार्कात. रोज कळव्याहून ठाणे, मग पूल चढून नऊ-दहा नंबरचा फलाट आणि तिथून वाशी किंवा पनवेल गाडी. आठवड्यातले चार दिवस लॅपटॉप सोबत असतो. दुकानातल्या बॅगा एक तर शाळेच्या दप्तरासारख्या दिसतात, नाही तर दिसायला देखण्या आणि दोन महिन्यांत पट्टा उसवणाऱ्या. म्हणून आपणच डिझाइन करून कारागिराकडून शिवून घ्यायचं ठरवलंय. चित्र सोबत पाठवतेय. त्यात आहे : कार्डांची माहिती कुणी चोरू नये म्हणून आरएफआयडीचा कप्पा, आत कायमची बसवलेली पॉवर बँक, बाहेर यूएसबी पोर्ट, जीपीएस, ब्लेडने कापली जाऊ नये म्हणून तारेची जाळी, आत एलईडी दिवा, कुलूप लागणारी चेन आणि दर्शनी बाजूला खणाचा पट्टा. बॅग हलकी मात्र हवीच, खांदा आत्ताच दुखतो. यातलं काय ठेवू आणि काय काढू?
– एक वाचक, कळवा

उत्तर : तुझं चित्र दोन दिवस मशीनसमोरच्या भिंतीवर टाचून ठेवलं होतं. आकार छान आहे, वर निमुळती होत जाणारी रेघ तर फारच आवडली. पण त्यात तू वजन कुठेच लिहिलेलं नाहीस. माझ्याकडे बॅग शिवून घ्यायला येणाऱ्या प्रत्येकीला मी आधी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढायला लावते.

माझी भाची ठाण्याहून महापेला जाते. तिची बॅग आम्ही दोघींनी एका रविवारी ओट्यावर रिकामी केली आणि एकेक वस्तू काट्यावर ठेवली. रिकामी बॅग १ किलो ३५० ग्रॅम, लॅपटॉप दीड किलो, जुना जाडजूड चार्जर ३५० ग्रॅम, डबा जेवणासकट ६५०, भरलेली स्टीलची बाटली १ किलो ५०, छत्री ३००, पाकीट-किल्ल्या-पाउच मिळून ४००. बेरीज ५ किलो ६०० ग्रॅम. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात मुलांचं दप्तर त्यांच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जड नको, असं म्हटलंय. ते शाळकरी मुलांसाठी आहे, तरी हिशेबाला एक खूण म्हणून मी ते धरते. भाचीचं वजन ५२ किलो, म्हणजे दप्तराच्या नियमानेही तिची बॅग नापास झाली असती.

त्या यादीत लॅपटॉपनंतर सगळ्यांत जड वस्तू म्हणजे बॅगच! नवी बॅग आम्ही ७०० ग्रॅममध्ये बसवली, चार्जर छोटा ६५ वॉटचा घेतला आणि बाटली अर्धी भरून न्यायची ठरवलं, ऑफिसात पाणी मिळतंच. ५ किलो ६०० चे सव्वाचार किलो झाले. तूही चित्राच्या कोपऱ्यात आधी ‘७०० ग्रॅम’ लिही आणि मग प्रत्येक वस्तूला विचार, तू यातले किती घेणार?

आता तुझी यादी. विजेवर चालणारं काहीही बॅगेत शिवून टाकू नकोस, हे मी अगदी कळकळीने सांगते. चांगलं कापड, चांगला दोरा आणि चांगली चेन सात-आठ वर्षं सहज जातात. पॉवर बँकेतली लिथियमची बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते. अल्पायुषी वस्तू दीर्घायुषी वस्तूला शिवली की दोन्ही एकदमच टाकाव्या लागतात. काही वर्षांपूर्वी याच भाचीसाठी मी अस्तरातून वायर फिरवून दिवा आणि पोर्ट बसवलेली बॅग शिवली होती. महिनाभर ती सगळ्यांना दाखवत होती. जुलैत घणसोली स्टेशनबाहेर एका सरीत पोर्टातून पाणी आत गेलं, वायरीच्या टोकांना हिरवा गंज चढला. बॅग धुवायची तर अस्तर उसवल्याशिवाय वायर निघेना. कापड नव्यासारखं होतं आणि बॅग माळ्यावर गेली. ते मला फार लागलं.

म्हणून पॉवर बँक ठेव, पण सुटी. आतल्या बाजूला जाळीचा उभा कप्पा दे म्हणजे हवा खेळेल, आणि तो पाठीच्या बाजूला किंवा लॅपटॉपला चिकटून नको. एप्रिल-मेमध्ये बंद बॅगेत ती चार्जिंग करताना चांगली तापते. १०,००० एमएएचची पुरेशी आहे, साधारण २०० ते २५० ग्रॅम. फुगलेली दिसली तर त्याच दिवशी वापर बंद कर. पोर्टसाठी बॅगेला भोक पाडू नकोस. उजव्या पट्ट्याच्या मुळाशी, कापडाच्या छोट्या झापेखाली, केबल जाईल एवढी फट ठेव. पाऊस वरून येतो, झाप खाली तोंड करून असते, पाणी आत जात नाही. दिव्याऐवजी अस्तर फिकट घे, पिस्ता नाही तर मोतिया. बहुतेक बॅगांना आतून काळं अस्तर का लावतात हे मला कळलेलं नाही. काळ्या अस्तरात काळी किल्ली आणि काळं पाकीट, मग गाडी आली तरी हात आत चाचपडतच असतो.

आरएफआयडीचा कप्पा काढून टाक. तो म्हणजे अस्तराखाली कार्डाच्या लहरी अडवणारं, धातू मिसळलेलं कापड. कॉन्टॅक्टलेस कार्ड १३.५६ मेगाहर्ट्झच्या लहरींवर चालतं आणि मशीनच्या अगदी जवळ, काही सेंटिमीटरवर, धरावं लागतं. पिनशिवाय एका वेळी ५,००० रुपयांपर्यंतच पैसे जातात; रिझर्व्ह बँकेने ही मर्यादा १ जानेवारी २०२१ पासून २,००० वरून ५,००० केली. आणि बँकेच्या अॅपमधून ही सोय आपल्याला हवी तेव्हा बंद करता येते. जे काम फुकटात आणि बोटाने होतं, त्यासाठी खांद्यावर धातू का वाहायचा? शिवाय ऑफिसचं कार्ड त्याच कप्प्यात राहिलं, तर गेटवर ते दर वेळी बाहेर काढावं लागेल.

जीपीएसचं थोडं समजून घे. खऱ्या जीपीएसच्या डबीला सिमकार्ड लागतं, त्याचं रिचार्ज लागतं आणि तिचं चार्जिंगही सारखं बघावं लागतं. तुला बहुधा हवंय ते ब्लूटूथचं टॅग, रुपयाच्या नाण्याहून जरा मोठं. अॅपलचं एअरटॅग ११-१२ ग्रॅमचं आहे, त्यात सीआर २०३२ हा बटण-सेल बसतो आणि तो साधारण वर्षभर पुरतो. अँड्रॉइडवर चालणारी टॅगही मिळतात. टॅगला स्वतःला आपण कुठे आहोत ते ठाऊक नसतं. जवळून जाणाऱ्या लोकांचे फोन त्याची हाक ऐकतात आणि जागा कळवतात. म्हणजे आडरानात त्याचा उपयोग बेताचाच, पण ठाणे स्टेशनवर विसरलेल्या बॅगेला तिथल्या गर्दीसारखा सोबती नाही. तळाशी, अस्तराच्या मागे, वेल्क्रोने बंद होणारा चोरकप्पा कर. धातूच्या कापडाजवळ मात्र नको, त्याची हाक अडते.

चोरीबद्दल. मी स्वतः अकरा वर्षं ठाणे-कोपरखैरणे केलं आहे. माझ्या डोळ्यांसमोर आणि मैत्रिणींच्या बाबतीत जे झालं, त्यात ब्लेड एकदाच, बाकी सगळं उघड्या किंवा हळूच उघडलेल्या चेनमधून. कुलपाचाही भरवसा धरू नकोस. नायलॉनच्या वेटोळ्याची चेन बॉलपेनाचं टोक दाबून मधूनच उघडता येते आणि कुलूप लावलेले दोन्ही रनर एकत्रच सरकवले की ती पुन्हा मिटतेही. तारेची जाळीही नको, वजन वाढतं आणि कारागिराच्या सुया तुटतात. त्यापेक्षा बॅगेचं तोंडच फिरव. मुख्य चेन दर्शनी बाजूला न घेता पाठीला टेकणाऱ्या भागात घे. बॅग पाठीवर असली तर चेन तुझ्या पाठीशी. आणि गर्दीत आपण सगळ्या बॅग पुढे घेतो, तेव्हा ती तुझ्या छातीशी. दोन्हीकडून तोंड अंगाशीच राहतं, आणि त्याला एक ग्रॅमही जास्त लागत नाही. बाहेरच्या बाजूला फक्त छत्रीचा आणि बाटलीचा कप्पा.

डाव्या पट्ट्याला मध्ये एक बकल दे, म्हणजे बसायला मिळालं की पट्टा रॅकच्या दांड्याला अडकवता येईल. उजव्या पट्ट्यावर, हात सहज पोचेल अशा उंचीवर, पिन ओढली की किंचाळणारा छोटा सायरन लटकवायला लूप शिव. रात्री उशिरा कळव्याला उतरून चालत जात असशील तर हा आणि पट्ट्याच्या कडेला चमकणारी पट्टी, या दोन गोष्टी सोडू नकोस. फोनमध्ये ११२ या आपत्कालीन नंबरची सोय चालू आहे ना, तेही एकदा बघून घे.

आता कापड, ज्यावर सगळं उभं आहे. दुकानदार ‘१६८० डेनियर’ म्हणून जे मजबूत कापड दाखवतो ते मजबूत आहेच, पण डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा वाढला की खांद्यावरचा भारही वाढला. अंगाला ४२० डेनियरचं दाट विणीचं नायलॉन घे आणि तळाला तेच दुहेरी. ब्लेडची भीती वाटत असेल तर तिथेही हे दुहेरी कापड उपयोगी पडेल. आतल्या बाजूचा पाणीरोधक लेप हाताने चोळून बघ. स्वस्त पॉलियुरेथेनचा लेप आपल्या दमट हवेत काही वर्षांत चिकट होतो आणि पापुद्रे सुटतात. पावसाळाभर प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडून माळ्यावर टाकलेली बॅग काढून बघ, मी काय म्हणते ते कळेल. आणि कापड वॉटरप्रूफ असलं तरी बॅग तशी होत नाही, सुईच्या प्रत्येक भोकातून आणि चेनमधून पाणी शिरतं. लॅपटॉपच्या कप्प्याची शिवण आतून टेपने बंद करून घे आणि जून ते सप्टेंबर कव्हर सोबत ठेव. दोरा पॉलिस्टरचा, सुती अजिबात नको. मुख्य चेन आठ नंबर, आतल्या पाच नंबर. पट्टे जिथे बॅगेला जोडले जातात तिथे आडवी दाट शिवण, जिला कारागीर बारटॅक म्हणतात, ती मारली का ते उभं राहून बघ. तुझे आधीचे पट्टे उसवले ते इथेच.

खण मलाही प्रिय आहे. पण दर्शनी बाजूला गर्दीत घासून त्याचे धागे ओढले जातील आणि पहिल्या पावसात रंग शेजारच्या फिक्या कापडावर उतरेल. खणाची वेगळी झाप कर, प्रेसबटणांनी लागणारी. दसरा-दिवाळीला, ऑफिसच्या समारंभाला लाव, एरवी त्याच मापाची साधी. कापड गर्द बाटली-हिरवं घेतलंस तर जांभळा आणि मोरपंखी, दोन्ही खण शोभतील. वरच्या बाजूला धरायला दोन छोटी हँडल शिव, पट्टे लपवायला मागे खाच ठेव. मीटिंगला जाताना तीच बॅग हातात धरता येईल आणि कुणाला दप्तर वाटणार नाही.

कारागिराकडे जायच्या आधी मांजरपाटाची एक बॅग घरी शीव, कच्च्या टाक्यांची चालेल. मानेखालच्या उंचवट्याच्या हाडापासून कमरेपर्यंत माप घे, बॅगेची उंची त्याच्या आतच हवी. पट्टे पाच-साडेपाच सेंटिमीटर रुंद आणि किंचित वळणदार, सरळ पट्टे आपल्याला काखेत आणि छातीवर काचतात. त्यात खरा लॅपटॉप, खरा डबा भरून आठवडाभर घरातल्या घरात आणि कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत फिर. जिथे टोचेल तिथे पेनाने खूण कर. मग ती उसव, त्याचेच तुकडे कागदावर ठेवून फर्मा काप आणि तो कारागिराच्या हातात दे. तोंडी समजावलेली बॅग कधी मनासारखी होत नाही. खांद्याचं दुखणं मात्र बॅग बदलेपर्यंत अंगावर काढू नकोस, डॉक्टरांना दाखव. आणि बॅग झाली की काट्यावर ठेवून आकडा मला कळव.


प्रश्न : मी खारघरहून बेलापूरला स्कूटरने जातो. लॅपटॉपच्या कप्प्याला चांगला जाड फोम असूनही लॅपटॉपचा कोपरा चेपला. फोम आणखी जाड करून घ्यावा का?
– एक वाचक, खारघर

उत्तर : फोम जाड करू नका, लॅपटॉप वर उचला. बॅग जमिनीवर किंवा स्कूटरच्या पायदानावर टेकवताना पहिला दणका तळाला बसतो, आणि बहुतेक बॅगांत लॅपटॉपचा कप्पा थेट तळापर्यंत शिवलेला असतो. बाजूंना कितीही फोम असला तरी तळाला फक्त कापड असतं. तुमच्या बॅगेत हात घालून बघा, तसंच आढळेल. कप्प्याचं बूड तळापासून तीन सेंटिमीटर वर घ्यायला सांगा, म्हणजे लॅपटॉप झोळीसारखा टांगलेला राहील. बाजूंना पाच मिलिमीटरचा ईव्हीए फोम पुरेसा होतो. जुन्या बॅगेतही हे करता येतं, अस्तर उसवून अर्ध्या दिवसाचं काम आहे. तोवर आज रात्रीच एक जुना टॉवेल घडी करून कप्प्याच्या तळाशी घाला.