युरोफ्लो १४ आला म्हणजे ऑपरेशन फसलं का?

दादा, गालाच्या आतलं अस्तर लावून युरेथ्रोप्लास्टी (आकसलेला लघवीचा मार्ग रुंद करण्याचं ऑपरेशन) झाली, पाच महिन्यांनी युरोफ्लोत, म्हणजे धारेचा वेग मोजणाऱ्या तपासणीत, कमाल वेग सेकंदाला १४ मिली आला आणि तेव्हापासून झोप उडालीय, असं लिहिलंयत. माझं हेच ऑपरेशन २०१६ मध्ये झालं. त्या कागदाकडे मीही असाच बघत बसायचो.

आधी कागदावर एकूण लघवी किती झाली ते बघा. १५० मिलीच्या खाली असेल तर १४ वर भरवसा ठेवू नका. एकदा बाहेर रांग होती म्हणून मी नीट लागलेली नसतानाच मशीनसमोर उभा राहिलो, आकडा आला ११. दोन बाटल्या पाणी पिऊन तासाभराने परत गेलो, तर १९!

मग आलेख बघा. घंटेसारखा चढून उतरला तर बरं. थोडा चढून पठारासारखा सपाट लांबत गेला तर वाट अरुंद झाल्याची शंका घ्यायची. वय, प्रोस्टेट यांनीही वेग कमी होतो, म्हणून तुलना स्वतःच्याच जुन्या कागदांशी करा. माझ्या फाइलीत ऑपरेशनआधीचाही कागद आहे.

उलट, धार छान म्हणून निर्धास्तही राहू नका. मार्ग बराच आकसेपर्यंत धार टिकून राहते. सुरुवातीचं आकसणं दुर्बिणीतच दिसतं. म्हणून काही सर्जन तक्रार नसतानाही पहिल्या काही महिन्यांत दुर्बीण घालतात. काहींच्या हिशेबी मात्र पुन्हा कापावं किंवा रुंद करावं लागलं नाही, एवढं यशाला पुरतं. दोन डॉक्टरांचे यशाचे टक्के म्हणूनच शेजारी ठेवून बघता येत नाहीत.

मला सगळ्यात पटली ती ब्रिटनमधल्या युरोलॉजिस्टांनी २०११ मध्ये मांडलेली प्रश्नावली. त्यात धारेची चार चित्रं आहेत, आपली कुठली ते रुग्णाने सांगायचं. लघवीच्या त्रासाने रोजचं जगणं किती अडतं, हेही विचारलंय. हे मशीन कुठून सांगणार?

लघवीनंतर चड्डीत थेंब पडतात, त्याला घाबरू नका. या ऑपरेशननंतर ते बऱ्याच जणांना होतं. अंडकोशामागे बोटांनी हलकं दाबत पुढे आणलं की उरलेली निघून जाते.

धार बारीक होत चालली, जोर लावावा लागला किंवा वारंवार इन्फेक्शन झालं, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. आणि नुसत्या आकड्यावरून कुणी डायलेटेशन (मार्ग ताणून रुंद करणं) करू म्हणालं, तर आधी डाय घालून एक्सरे किंवा दुर्बीण करा म्हणून हट्ट धरा. सध्या भरल्या मूत्राशयाने युरोफ्लो परत करा, लगेच शिल्लक लघवीची सोनोग्राफी करा आणि दोन्ही आकडे इथे टाका.